किकचं पेडल कुठलं घेऊ? (एपिसोडचा मजकूर)

लोकलमध्ये दाराशी उभे राहून ऐकत असाल तर एक इअरफोन काढून ठेवा. बाकीचे आरामात बसा. आज पाहुणे नाहीत, मी एकटाच बोलणार आहे. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी नेहमीसारखा हा मजकूर टाकतोय. बोलताना आलेले "म्हणजे" आणि "ॲक्चुअली" यातले निम्मे काढलेत, निम्मे राहू दिलेत.

ड्रम्सवरचा एपिसोड केल्यापासून एकच मेसेज वेगवेगळ्या शब्दांत येतोय. "भाई, सिंगल घेऊ की डबल?" "दादा, चेनचं बरं की डायरेक्ट ड्राइव्ह?" "बजेट दहा हजार आहे, स्पीड पाहिजे." सुरुवातीला मी एका ओळीत उत्तरं देत होतो. अमुक मॉडेल घे, विषय संपला. मग मला स्वतःलाच पेडल घ्यायची वेळ आली, आणि चार महिने माझं काही ठरेना. म्हणून ज्यांना एका ओळीत उत्तर दिलं त्यांची आधी माफी मागतो. आज सविस्तर सांगतो. आधीच स्पष्ट करतो, कुठल्याही कंपनीने मला काही दिलेलं नाही. दिलं असतं तर बरं झालं असतं, पण नाही दिलं.

ज्यांनी ड्रम सेट फक्त स्टेजवर लांबून बघितलाय त्यांच्यासाठी दोन मिनिटं. लग्नाच्या वरातीतला ब्रास बँड आठवा. एक जण गळ्यात मोठा ढोल अडकवून धम्म धम्म वाजवत असतो, दुसऱ्याकडे छोटा साइड ड्रम असतो. दोन वाद्यं, दोन माणसं. परदेशातल्या बँडमध्येही हेच होतं. पण थिएटरच्या त्या चिंचोळ्या खड्ड्यात बसून वाजवायचं तर दोन माणसांना जागा कुठली, आणि मालक दोघांचा पगार का देईल? मग मोठा ड्रम जमिनीवर आडवा ठेवून पायाने वाजवायच्या खटपटी सुरू झाल्या. शिकागोचा विल्यम लुडविग हा स्वतः ड्रमर. त्या वेळची पेडलं त्याच्या पायाच्या वेगाला पुरत नव्हती. त्याने आधी लाकडाचं पेडल करून पाहिलं, मग मेव्हण्याच्या मदतीने ते धातूत उतरवलं, आणि १९०९ मध्ये भावाबरोबर कंपनी काढली. आज तुमच्या पायाखाली जे असतं त्याची रचना मुळात तीच. पाय फळी दाबतो, फळी पट्टा ओढते, पट्टा दांडा फिरवतो, दांड्याच्या टोकाचा गोळा ड्रमवर आपटतो आणि स्प्रिंग सगळं परत मागे आणते. फळी म्हणजे फूटबोर्ड, गोळा म्हणजे बीटर. बाकी सगळं या पाच गोष्टींचं सुधारित रूप.

आता माझी गोष्ट.

मी कळव्याला राहतो, तिसऱ्या मजल्यावर, आई-बाबा आणि बहिणीबरोबर. ऑफिस ऐरोलीला. विटाव्याच्या पुलाखालच्या ट्रॅफिकमधून घरी येईपर्यंत डोक्याचं भजं झालेलं असतं, आणि त्यावरचा माझा उपाय म्हणजे ड्रम्स. घरी खरा सेट शक्यच नाही, म्हणून इलेक्ट्रॉनिक किट आहे. रबराचे पॅड, कानात हेडफोन. त्याच्याबरोबर एक साधं पेडल आलं होतं. एकच चेन, खाली प्लेट नाही, नुसती तारेची चौकट. तीन वर्षं त्याच्यावर निभावलं.

आमचा चार जणांचा बँड आहे. ठाण्याला तासावर जॅमरूम घेतो. गेल्या पावसाळ्यात गिटारवाल्याने एक नवीन गाणं आणलं. टेम्पो १२०, फार वेगात नाही. पण किकमध्ये सलग दोन ठोके आहेत, सोळाव्या मात्रेचे, "धडक" असे. पहिला येतो, दुसरा मागे पडतो. दरवेळी. बेसवाला आमच्यातला सगळ्यात शांत माणूस, तोसुद्धा म्हणाला, "तुझं दुसरं पाऊल अडखळतंय रे."

इंजिनिअर माणसाने काय करायला हवं? आधी लॉग बघायला हवेत. मी काय केलं? सरळ सर्व्हर बदलायला निघालो. रात्री दोन वाजेपर्यंत व्हिडिओ बघितले, तुलना केल्या, एक्सेल शीट केली. शीटमध्ये चौदा पेडलं, प्रत्येकाला नऊ रकाने. निष्कर्ष असा की डायरेक्ट ड्राइव्ह डबल पेडल हवं, तीस-पस्तीस हजारांपर्यंत जावं लागेल, बोनसमधून बसेल. आईला किंमत सांगितली नाही. सांगून काय, "पायाने वाजवायच्या गोष्टीला एवढे?" हेच ऐकायला लागलं असतं.

आमच्या मागच्या गल्लीत एक काका राहतात. ऐंशी-नव्वदच्या दशकात ऑर्केस्ट्रात ड्रम्स वाजवायचे. गणपतीचे दहा दिवस, नवरात्र, कामगारांच्या वसाहतींमधले कार्यक्रम, रोज वेगळं गाव. ती पिढी पंचमदांच्या रेकॉर्डिंगमधले फ्रँको वाझ यांचे ड्रम्स कॅसेट मागे-पुढे करून ऐकत शिकलेली. काकांना मी सहज म्हटलं की नवीन पेडल घेतोय. म्हणाले, "जुनं कुठाय? दाखव."

घरी आले, खाली मांडी घालून बसले आणि बीटर बोटाने मागे ओढून सोडून दिला. तो दोन-तीन झोके घेऊन थांबला. "हे बघ. झोपाळा दोन झोक्यांत थांबला तर काय म्हणशील? कडी गंजली म्हणशील ना?" मग आईकडून शिलाई मशीनचं तेल मागवून घेतलं. दोन्ही बाजूंच्या बेअरिंगला एकेक थेंब, फूटबोर्डच्या टाचेकडच्या बिजागरीला एक थेंब, चेनला पुसटसं. खाडीकाठची हवा आपली, पावसाळ्यात कपाटातले चमचेही गंजतात, तिथे चेन काय राहणार. पुन्हा बीटर सोडला. या वेळी तो बराच वेळ झुलत राहिला. मी मोजत बसलो होतो, काका हसत होते.

ही टेस्ट लक्षात ठेवा, सेकंडहँड पेडल घेताना कामाला येते. बीटर सोडा आणि किती वेळ झुलतो ते बघा. मग बीटरचा दांडा धरून डावी-उजवीकडे हलवून बघा. खडखड झाली तर बेअरिंग किंवा बुशिंग झिजलंय. ड्रमच्या कडेला पकडणारा क्लँप पूर्ण आवळून बघा, तिथले आटे गेलेले असतात आणि विकणारा ते कधीच सांगत नाही. मला एकाने असं पेडल "मिंट कंडिशन" म्हणून दाखवलं होतं. आटे इतके गेलेले की दोन गाण्यांत पेडल ड्रम सोडून माझ्याकडे चालत आलं असतं.

पुढे काका स्प्रिंगकडे वळले. माझी स्प्रिंग मी व्हिडिओ बघून करकचून आवळून ठेवली होती, कारण कोणीतरी म्हणालं होतं टाइट स्प्रिंग म्हणजे स्पीड. अर्धवट खरं आहे ते. स्प्रिंग आवळली की बीटर लवकर परत येतो, पण प्रत्येक ठोक्याला ती स्प्रिंग तुमचा पायच दाबत असतो ना. दहा मिनिटांत पोटरी भरून येते आणि ठोके मऊ पडतात. फार सैल सोडली तर बीटर रेंगाळतो. मध्ये कुठेतरी एक जागा असते जिथे पाय उचलल्याबरोबर फूटबोर्ड तळव्याला चिकटून वर येतो, ना मागे राहतो ना ढकलतो. काकांनी सांगितलेली पद्धत सोपी आहे. पूर्ण सैल करा, वाजवत राहा, अर्धा-अर्धा फेरा आवळत जा, फूटबोर्ड पायाबरोबर यायला लागला की थांबा.

मग बीटरचा कोन. तो फार मागे असेल तर ठोका मोठा बसतो, पण प्रवास लांबतो. पुढे आणला तर वेगाला सोपा, पण ताकद कमी. माझा खूपच मागे होता. आणि बीटरची उंची. दांडा जितका लांब बाहेर काढाल तितका ठोका वजनदार आणि पेडल जड वाटतं. या तीन गोष्टी फिरवायला ड्रमची चावी आणि दहा मिनिटं लागतात. पैसे शून्य. तीन वर्षांत मी एकदाही केल्या नव्हत्या.

काकांचं ऑर्केस्ट्रातलं पेडल चामड्याच्या पट्ट्याचं होतं. एकदा गणपतीच्या कार्यक्रमात मध्यंतराआधी पट्टा तुटला. त्यांनी चप्पल काढली, तिचा पट्टा कापला, भोक पाडून अडकवला आणि पुढचा अर्धा कार्यक्रम एका चपलेवर काढला. दुसऱ्या दिवशी स्टेशनबाहेरच्या चांभाराकडून दुहेरी शिलाईचा पट्टा करून घेतला, तो नऊ वर्षं टिकला. "ब्रँड?" मी विचारलं. म्हणाले, "कोणाला ठाऊक. पेडलचा की चपलेचा?"

तेल घातल्यावर माझं पेडल ऐंशी टक्के नवीन झालं. पण तो दुसरा ठोका तरीही मागेच. आणि माझ्या डोक्यातून डायरेक्ट ड्राइव्ह काही जाईना. म्हणून एका शनिवारी धोबीतलावला गेलो. मुंबईत वाद्य घ्यायचं म्हटलं की हा भाग आधी आठवतो, फुर्ताडोस तिथलंच, १८६५ पासूनचं. एकूण दोन-तीन शनिवारांत दुकानांत आणि ओळखीच्या ड्रमर्सकडे मिळून सातेक पेडलांवर पाय ठेवला. काय जाणवलं ते सांगतो. हे माझ्या पायाचं मत आहे, तुमचा पाय वेगळा.

आधी पट्टा, चेन आणि डायरेक्ट ड्राइव्ह. पट्टा हलका असतो, किंचित लवचीक, आवाज करत नाही. जॅझवाले, टाच खाली ठेवून हळुवार वाजवणारे अजूनही तो शोधतात. चेन टिकाऊ. सायकलच्या चेनचीच बहीण, दुहेरी असेल तर बाजूला डुलत नाही. बहुतेकांकडे हीच असते, आणि त्यात कमीपणा काही नाही. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये चेनच्या जागी एक घट्ट दांडी असते. चेन फक्त ओढू शकते, ढकलू शकत नाही. दांडी दोन्ही करते. त्यामुळे बीटर ड्रमवर आपटून उलटला की तो धक्का थेट तळव्याला कळतो. मेटलवाले यासाठीच अॅक्सिस, ट्रिक, पर्लचं डेमन ड्राइव्ह असल्या पेडलांचं नाव घेतात. मला काय वाटलं? पहिली पाच मिनिटं स्वर्ग. मग कळलं की माझ्या पायाच्या सगळ्या चुकाही आता तितक्याच स्पष्ट पोचतायत. चेन जरा सांभाळून घेते, दांडी काहीच लपवत नाही.

दुसरी गोष्ट कॅम. चेन ज्या चाकावरून जाते त्याचा आकार. पूर्ण गोल असेल तर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं वाटतं. अंडाकृती किंवा एका बाजूला सरकवलेला असेल तर शेवटी बीटर झेप घेतो, ठोका जोरात बसतो. टामाच्या आयर्न कोब्रामध्ये रोलिंग ग्लाइड आणि पॉवर ग्लाइड असे दोन प्रकार आहेत ते याचसाठी, डीडब्ल्यूच्या ५००० मध्ये टर्बो आणि अॅक्सिलरेटर. पर्लच्या एलिमिनेटरमध्ये कॅम बदलता येतात. नावं ऐकून वाटतं ॲक्सिलरेटर म्हणजे फास्ट. तसं नाही. माझ्यासारख्या ज्याचे ठोके आधीच कमी-जास्त पडतात त्याला गोल कॅम सोपा जातो, कारण तो मध्येच आपलं डोकं चालवत नाही.

तिसरं, बीटर. फेल्टचा गोलसर आवाज, लाकडाचा किंवा प्लॅस्टिकचा टणक, टिचकीसारखा. इलेक्ट्रॉनिक किटवर याने आवाज बदलत नाही, पण पॅडची झीज बदलते. जाळीच्या पॅडवर फेल्ट घासून जाळी खराब होते, तिथे प्लॅस्टिक किंवा रबर बरं.

फूटबोर्ड लांब की आखूड, यावर लोक तासन्‌तास भांडतात. माझा पाय सात नंबर, मला फरक कळला नाही. पुढे.

आता लॉगची गोष्ट. दुसऱ्या शनिवारी मला उशिरा का होईना अक्कल आली. फोन जमिनीवर ठेवला, स्लो-मोशन चालू केलं, सेकंदाला २४० फ्रेम्स. माझ्या गाण्यात त्या दोन ठोक्यांमध्ये सेकंदाचा आठवा भाग असतो. म्हणजे ३० फ्रेम्स. माझं जुनं पेडल, एक मधल्या किमतीचं चेनवालं आणि ते महागडं डायरेक्ट ड्राइव्ह, तिन्हींवर तेच दोन ठोके वाजवले. घरी येऊन फ्रेम मोजल्या. तिन्हींवर पहिल्या ठोक्यानंतर बीटर ड्रमला चिकटून बसलेला दिसतो, दहा-बारा फ्रेम्स! मी पहिला ठोका मारून पाय तसाच दाबून ठेवतो. उपलब्ध वेळातला एक तृतीयांशाहून जास्त वेळ मी बीटर ड्रममध्ये रुतवून घालवतो आणि मग दुसऱ्याला उशीर झाला म्हणून पेडलला शिव्या देतो. पस्तीस हजारांच्या पेडलवर पण दहा फ्रेम्स. ते बघताना खूप वाईट वाटलं, आणि खरं सांगतो, थोडं हसूही आलं.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. रियाज करायचा, पहिल्या ठोक्याला पाय सोडायला शिकायचं. मी केलाही. ऑफिसमधून आल्यावर अर्धा तास आणि शनिवार-रविवार दुपारी दीड-दोन तास, टेम्पो ७० पासून. तीन आठवड्यांत चिकटणं दहावरून पाच फ्रेम्सवर आलं. माझ्या दृष्टीने सगळं छान चाललं होतं.

मग आई एका हळदीकुंकवाला गेली.

आमच्या खालच्या मजल्यावर एक कुटुंब आहे. ते दादा नवी मुंबईत एका कारखान्यात आहेत, महिन्यातले दोन आठवडे नाईट शिफ्ट. सकाळी साडेआठला घरी येतात, दुपारी झोपतात. हळदीकुंकवात वहिनींनी आईला अगदी संकोचून विचारलं, "काकू, तुमच्याकडे दुपारी काही कुटायचं चालू असतं का? यांना झोप लागत नाही हो. म्हणतात वर कुणीतरी उखळात कुटतंय." आठ महिने ते लोक ऐकत होते. आठ महिन्यांत एकदाही दार वाजवलं नाही. आणि मी हेडफोन लावून खूश, की बघा, आपण किती समजूतदार, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून इलेक्ट्रॉनिक घेतलं.

माझा विश्वासच बसेना. आमच्या खोलीत तर नुसती रबरावरची टपटप ऐकू येते, बाबा शेजारी पेपर वाचत असतात. मी फोनवरच्या मीटरने मोजून ठेवलं होतं. निवासी भागासाठी कायद्यातली मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री दहा ते सहा ४५. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत आहे ते, मी पाठ केलं होतं, कोणी भांडायला आलंच तर तयारी असावी म्हणून. कोणी भांडायला आलंच नाही. तेच जास्त लागलं.

त्याच संध्याकाळी खाली गेलो. दादा कामावर निघायच्या तयारीत होते. म्हटलं, "दादा, मला तुमच्या खोलीत पाच मिनिटं उभं राहू द्याल?" बहिणीला वर बसवलं होतं, तिला सांगितलं होतं की फोन आला की किक मारत राहा. मी त्यांच्या बेडरूममध्ये उभा राहिलो. वरून आवाज आला. ठक. ठक. ठकठक. कानाने नाही, छातीत ऐकू येतो असा. पंख्याचा रॉड किंचित थरथरत होता. बहीण तर हलकेच मारत होती, मी दुप्पट जोराने मारतो. दादा काही बोलले नाहीत. डबा पिशवीत भरत होते. मला तिथून कधी निघतो असं झालं होतं.

वर येऊन विचार केला तेव्हा उलगडलं. आवाजाचे दोन रस्ते. एक हवेतून, तो हेडफोनने आणि रबराने बंद होतो. दुसरा सरळ पायातून जमिनीत. बीटर पॅडवर आपटतो, पॅडचा स्टँड जमिनीवर टेकलेला, फूटबोर्डवर माझं वजन आपटतंय, ते सगळं थेट स्लॅबमध्ये. काँक्रीटचा स्लॅब म्हणजे मोठाच ड्रम, फक्त वाजतो खालच्या बाजूने. माझा फोन वरची हवा मोजत होता. खालच्याच्या झोपेचा त्याच्याशी संबंधच नव्हता.

माझ्या एक्सेलमध्ये नऊ रकाने होते. हा रकाना नव्हता.

मग सगळी शीट नव्याने बघितली. बीटरच नसलेली किंवा उलटा फिरणारा बीटर असलेली पेडलं मिळतात, रोलंडचं केटी-१० त्यातलंच. आघात बराच कमी होतो. मी एका मित्राकडे वाजवून पाहिलं. घरच्या रियाजासाठी उत्तम, पण ते जॅमरूममधल्या खऱ्या ड्रमला लावता येत नाही. म्हणजे घरी एक सवय, बाहेर दुसरी. ज्यांना फक्त घरीच वाजवायचंय त्यांनी मात्र बाकी सगळं सोडून आधी हे बघावं. पेडलखाली ठेवायचे रबरी कुशनचे तयार स्टँडही येतात, नॉइज ईटर नावाचे, तेही चांगले. डबल पेडलचा विचार तिथेच सोडला. एका पायाने खालच्या माणसाची झोप मोडतेय, त्यात दुसरा पाय कशाला घालू? शिवाय प्रामाणिकपणे सांगायचं तर आमच्या एकाही गाण्याला डबल लागत नाही. १९८३ मध्ये डीडब्ल्यूने ५००२ आणलं आणि पुढे एकाच बास ड्रमवर दोन पाय ही सर्रास गोष्ट झाली. त्याआधी लोक लुई बेलसनसारखे दोन बास ड्रम मांडायचे. आणि जॉन बॉनम? एकच ड्रम, एकच लुडविगचं स्पीड किंग पेडल, १९३७ सालची रचना. लेड झेपलिनच्या 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू' मध्ये त्या पेडलची करकर रेकॉर्डमध्ये ऐकू येते. हेडफोन लावून ऐका. आमच्या काकांनी तेल घेऊन धावायला हवं होतं.

शेवटी मी काय घेतलं? मधल्या किमतीचं सिंगल पेडल. दुहेरी चेन, गोल कॅम, आणि खाली पूर्ण लोखंडी प्लेट. प्लेटचं कारण पुढे येतंय. चौदापैकी ते माझ्या शीटमध्ये नवव्या नंबरवर होतं. उरलेल्या पैशांतून प्लॅटफॉर्म केला.

हा प्लॅटफॉर्म कसा करायचा ते नीट सांगतो, कारण पेडलपेक्षा जास्त उपयोग याचाच होईल. १८ मिलिमीटरच्या प्लायवूडच्या दोन फळ्या, तुमच्या किट आणि स्टुलाच्या मापाच्या. मध्ये टेनिस बॉल. आपल्याकडे टेनिस क्रिकेटच्या इतक्या टीम आहेत की जुने बॉल फुकट मिळतात, मला खारेगावातल्या पोरांनी पिशवीभर दिले. खालच्या फळीत सुताराकडून बॉलच्या व्यासापेक्षा लहान भोकं पाडून घ्यायची, बॉल त्यात बसतात, घरंगळत नाहीत. वरची फळी नुसती ठेवायची, स्क्रूने जोडायची नाही, जोडली की ठोका स्क्रूमधूनच खाली जातो. फळी भिंतीलाही टेकता कामा नये. स्टूल, पेडल, पॅड सगळं वरच्याच फळीवर. स्टूल बाहेर राहिलं तर तुम्ही एका पातळीवर आणि पेडल दुसऱ्या, पाय सतत चुकतो. स्टुलाखाली बॉल जास्त दाट लावा, नाहीतर तुम्ही मागे कलंडाल. मी कलंडलो.

तत्त्व साधं आहे, स्प्रिंगवर ठेवलेलं वजन. वर जितकं वजन आणि खाली जितकं मऊ तितका तो भाग सावकाश डोलतो, आणि त्या डोलण्यापेक्षा बऱ्याच वेगाने येणारे धक्के खाली पोचत नाहीत. म्हणून नुसती योगा मॅट किंवा गालिचा टाकून भागत नाही. मी आधी आईची सतरंजी चार घड्या करून टाकली होती. खाली काडीचा फरक पडला नव्हता.

याचा तोटाही सांगायला हवा. फळी जराशी डुलते. साध्या चौकटीचं पेडल तिच्यावर वाकतं, सरकतं, म्हणून ती प्लेट. आणि पहिला आठवडा बोटीत बसून वाजवल्यासारखं वाटतं, मुंब्र्याच्या खाडीत.

झाल्यावर पुन्हा खाली गेलो. या वेळी दादांनीच बोलावून आत नेलं. बहीण वर, आता जोरात. आवाज आला, पण लांबून, कुणीतरी दोन घरं पलीकडे दार लावल्यासारखा. दादा कान देऊन ऐकत होते. म्हणाले, "जागा असेन तर कळेल. झोपलो असेन तर नाही कळणार." मग जरा थांबून, "पण नाईट असेल त्या आठवड्यात दुपारी नको." आता त्यांच्या शिफ्टचं वेळापत्रक माझ्या फोनच्या कॅलेंडरमध्ये आहे. वहिनी महिन्याच्या सुरुवातीला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवतात. नाईटच्या आठवड्यात मी उशीवर पाय आपटून रियाज करतो, बीटर नाही, पेडल नाही, काही नाही. पाय सोडायचा सराव त्यावर झकास होतो.

गाण्याचं विचारताय तर अजून १२० ला पूर्ण बसलेलं नाही. ११२ ला व्यवस्थित येतं, ११६ ला दहातून सात वेळा. बीटर आता तीन-चार फ्रेम्स चिकटतो. गिटारवाला म्हणतो गाणंच ११२ ला करू, बेसवाला म्हणतो थांबू या. पुढच्या महिन्यात ठरवू.

जुनं पेडल विकलं नाही. काकांकडे दिलंय. त्यांच्या नातवाला वाजवायचंय, पाय अजून पुरत नाही. काकांनी स्प्रिंग पार सैल करून, बीटर पुढे आणून त्याला लावून दिलं. तो स्टुलाच्या टोकावर बसून पायाच्या अंगठ्याने वाजवतो.

चला. प्रश्न पाठवा, पण मॉडेलचं नाव विचारायच्या आधी तीन गोष्टी लिहा: कितव्या मजल्यावर राहता, खाली कोण राहतं, आणि तुमचा बीटर सोडल्यावर किती झोके घेतो. व्हिडिओ टाकलात तर उत्तमच, स्लो-मोमध्ये. भेटू पुढच्या रविवारी.